सीबी रेडिओ: ऐकू सगळं येतं, पण आपलं कुणाला पोचत नाही

अमेरिकेत जीप, पिकअप नाहीतर ट्रक चालवणाऱ्या आपल्या मंडळींकडून सीबी रेडिओबद्दल, म्हणजे गाडीतून गाडीशी बोलायच्या वायरलेस सेटबद्दल, एकच तक्रार फिरून फिरून येते. सेट नवा, अँटेना नवी, बसवून देणारा म्हणाला 'मीटर एकदम ओके'. आणि डोंगरात गेल्यावर दोन वळणं पुढे असलेल्या गाडीला आपला आवाज जात नाही. त्यांचं बोलणं मात्र आपल्याला खणखणीत ऐकू येतं. मग एक जण म्हणतो रेडिओच फालतू निघाला, दुसरा म्हणतो मोठा सेट घे, आणि तिसरा कानात सांगतो, अँप्लिफायर लाव, बघ कसा वाजतो ते.

यातलं काहीही करायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. एएमवर (सीबीची नेहमीची पद्धत) ४ वॉट आणि एसएसबीवर (काही सेटवर असलेली, जास्त लांब जाणारी पद्धत) १२ वॉट, याच्यापुढे कुठलाही कायदेशीर सीबी सेट जात नाही. ती मर्यादा एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, घालून दिलेली आहे. दुकानातला सगळ्यात स्वस्त सेट एएमवर ४ वॉट फेकतो आणि सगळ्यात महागही तेवढेच. जास्त पैशात डिस्प्ले चांगला मिळतो, खरखर कमी करणारं फिल्टर बरं मिळतं, हवामानाची चॅनेलं मिळतात. रेंजचा फरक पडतो तो सेटच्या मागच्या सॉकेटनंतर: केबल, माउंट (अँटेना जिच्यावर बसते ती पट्टी), अँटेना आणि अँटेनाखालचा गाडीचा पत्रा. लोक शोधाशोध सेटपासून सुरू करतात आणि पत्र्यापर्यंत पोचेस्तोवर कंटाळतात. उलट्या टोकाकडून आलात तर बराच वेळ वाचेल.

मुळात रेंज किती असायला हवी?

मोकळ्या सपाटीवर, दोन्ही गाड्यांवर नीट बसवलेली अँटेना असेल, तर गाडी ते गाडी ५ ते ८ किलोमीटर ही समाधानाची रेंज. कोलोरॅडोच्या पूर्वेला कॅन्सासकडे जाणाऱ्या सपाट हायवेवर उंच अँटेनावाले दोन ट्रक याहून लांबूनही बोलतात. पण त्याच गाड्या उरे-सिल्व्हर्टनच्या बाजूच्या घाटात नेल्या की दीड-दोन किलोमीटरवर रडारड सुरू होते, आणि मोअॅबच्या लाल कपारींत तर एक कडा मध्ये आला की संपलं. सीबी २७ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो, म्हणजे लहर सुमारे ११ मीटर लांबीची. ती झाडाझुडपांना फारशी जुमानत नाही, छोट्या टेकाडावरून थोडी वाकूनही जाते, पण अख्खा डोंगर भेदून जाणं तिला जमत नाही. हातात धरायचा सीबी असेल, रबरी बुटकी अँटेना असेल आणि तुम्ही गाडीच्या आत बसून बोलत असाल, तर किलोमीटरभर मिळालं तरी खूप झालं. गाडीचा पत्राच तुमच्याभोवती पिंजरा होऊन बसलेला असतो.

तेव्हा सपाटीवर सहा किलोमीटर मिळत असतील तर तुमच्या सेटअपला काही झालेलं नाही. घाटातल्या रेंजवरून निदान करू नका. चाचणी नेहमी एकाच मोकळ्या रस्त्यावर, एकाच मित्राच्या गाडीशी, थांबून थांबून करा.

आधी बिनखर्चाच्या गोष्टी

ट्रेलवर 'माझं कुणालाच ऐकू जात नाही' असं म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कुणालाच म्हणजे किती जणांना? कारण पुष्कळदा ऐकू न येणारा गडी एकच असतो आणि त्याने स्क्वेल्चचं बटण नको इतकं पिळून ठेवलेलं असतं. खरखर नको म्हणून स्क्वेल्च वर चढवला की कमजोर सिग्नलही खरखरीबरोबर बंद होतो. आरएफ गेनचं (सेट किती कमजोर सिग्नल पकडेल ते ठरवणारं) बटण उतरवलेलं असेल तरी तेच. दोष त्याच्याकडे, खापर तुमच्यावर. त्याला स्क्वेल्च पूर्ण उघडायला सांगा, गेन पूर्ण वर न्यायला सांगा, मग परत बोलून बघा.

आपल्या बाजूला पीएचं बटण दाबलं गेलंय का, हे पाहा. त्यात आवाज बाहेरच्या भोंग्याकडे जातो, हवेत काहीच जात नाही. माईकचा गेन शून्याकडे नाही ना? काही सेटवर चॅनेल ९ आणि १९ वर थेट उडी मारणारं बटण असतं; ते चुकून दाबलेलं असलं की आकडा एक समजून माणूस दुसरीकडेच बोलत बसतो.

अलीकडे यात एका नव्या भानगडीची भर पडली आहे. एफसीसीने २०२१ मध्ये सीबीवर एफएमलाही परवानगी दिली, आणि त्यानंतरच्या बऱ्याच सेटवर एएम-एफएमचं बटण आलं. ग्रुप एएमवर आणि तुमचा सेट एफएमवर असला, तर समोरच्याच्या सेटवरच्या सिग्नल मीटरचा काटा झकास वर जातो पण आवाज दबका, तोंडावर उशी ठेवल्यासारखा येतो, नाहीतर येतच नाही. यावर लोकांनी नवीन माईक विकत घेतलेले आहेत.

काटा विचारा, आवाज विचारा

नुसतं 'ऐकू येतंय का?' विचारून काही हाती लागत नाही. समोरच्याला दोन गोष्टी स्वतंत्र विचारा: तुझ्या मीटरचा काटा कुठवर गेला, आणि आवाज कसा आहे?

काटा भरपूर वर, पण आवाज पुटपुटल्यासारखा: लहर पोचतेय, तिच्यावर आवाज नीट चढत नाही. म्हणजे माईक, माईकची वायर, माईक गेन, किंवा वर सांगितलेली एफएमची गंमत. माईकची गुंडाळी वायर सेटजवळच्या टोकाला आतून तुटते. बोलताना ती हलवून बघा, आवाज येतो-जातो का ते लगेच कळतं. माईक तोंडापासून चार बोटांवर आणि थोडा तिरका धरा.

काटा जेमतेम हलतो, पण जेवढं ऐकू येतं तेवढं स्पष्ट: सेट आणि माईक ठीक, ताकद वाटेत कुठेतरी जातेय. म्हणजे केबल, माउंट, अँटेना, नाहीतर ग्राउंड (अँटेनाची गाडीच्या बॉडीशी जोडणी). इथून पुढचा सगळा मजकूर या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त छळतो तो हाच.

मग मला कसं काय ऐकू येतं?

हा प्रश्न रास्त आहे. अँटेना जेवढी वाईट फेकते तेवढंच वाईट ऐकते. फेकायला खराब आणि ऐकायला चांगली असं तिचं नसतं. तरी अनुभव उलटा येतो, त्याचं कारण खरखर.

२७ मेगाहर्ट्झवर आपलं ऐकणं अडतं ते सेटच्या कुवतीवर नाही, हवेतल्या गोंगाटावर. तुमची केबल निम्मी ताकद खात असेल, तर येणारा आवाज निम्मा होतो, आणि हवेतून येणारी खरखरही निम्मी होते. दोघांतलं प्रमाण तेच राहतं, सेट आतला आवाज आपोआप वाढवून घेतो, आणि तुम्हाला वाटतं सगळं मस्त आहे. पण तुम्ही बोलता तेव्हा तुमची ताकद निम्मी होऊन जाते आणि समोरच्याकडची खरखर मात्र तेवढीच्या तेवढी असते. त्यात तुम्ही बुडता. म्हणून 'मला ऐकू येतं म्हणजे माझी अँटेना चांगली' हे अनुमान सोडून द्या.

दुसरं कारण अगदी साधं: समोरचा ट्रकवाला बेकायदा अँप्लिफायर लावून बोलत असेल तर तो तुम्हाला दहा मैलांवरून ऐकू येईलच. तुम्ही त्याला कसे ऐकू जाल?

एसडब्ल्यूआर मोजणं, आणि त्याच्या आहारी न जाणं

एसडब्ल्यूआर म्हणजे सेटने पाठवलेल्या ताकदीपैकी किती परत फिरून येतेय त्याचं माप. साधा काट्याचा मीटर पुरतो. सेट आणि अँटेनाची केबल यांच्या मध्ये छोट्या जंपर वायरने तो जोडायचा. गाडी मोकळ्या जागी, भिंतीपासून आणि दुसऱ्या गाड्यांपासून लांब. गॅरेजमध्ये मोजलेला आकडा धरू नका. दारं, बॉनेट, डिकी बंद. माईकचं बटण दाबून, काही न बोलता, मीटर एफडब्ल्यूडीवर (जाणारी ताकद) ठेवून काटा खुणेवर आणायचा, मग आरईएफवर (परत येणारी ताकद) टाकून आकडा वाचायचा. चॅनेल रिकामं आहे ना ते आधी ऐकून घ्या, आणि ९ नंबरला हात लावू नका, तो आणीबाणीचा आहे. चॅनेल १, १९ आणि ४० वर मोजा, कागदावर लिहा.

चॅनेल १ वरचा आकडा चॅनेल ४० वरच्यापेक्षा जास्त आला, तर अँटेना लांबीला कमी पडतेय, वाढवा. चॅनेल ४० वरचा जास्त आला, तर लांब झालीय, कमी करा. फायबरग्लासच्या काठ्यांना टोकाशी फिरवायचा स्क्रू असतो. स्टीलच्या सळईला बुडाशी ॲलन की लागणारा छोटा स्क्रू असतो, तो सैल करून सळई वर-खाली सरकवायची. कापायची वेळ आलीच तर दोन-तीन मिलिमीटरच्या वर एका वेळी कापू नका. आणि अँटेनाखाली स्प्रिंग किंवा झटकन काढायचा कपलर नंतर बसवला असेल, तर त्याने लांबी वाढलेली असते. ट्यूनिंग परत करावं लागतं, हे विसरलं जातं.

आता या आकड्याचा खरा अर्थ. एसडब्ल्यूआर १.५ असेल तर सुमारे ४ टक्के ताकद परत येते. २ असेल तर ११ टक्के. ३ असेल तर २५ टक्के. म्हणजे २ वरून १.१ वर आणण्यासाठी रविवार घालवलात, तरी समोरच्याच्या काट्याला पत्ताही लागणार नाही. ३ च्या वर गेलं तर मात्र बोलणं थांबवा, सेटचा शेवटचा ट्रान्झिस्टर तापून जाण्याची भीती असते. २ च्या आत असेल आणि तरी रेंज नसेल, तर दोष एसडब्ल्यूआरमध्ये नाही, मीटरकडे बघणं सोडा.

कारण हा मीटर काय सांगतो, तर 'ताकद परत आली नाही'. ती हवेत गेली की वाटेत उष्णता होऊन मेली, ते त्याला ठाऊक नसतं. ५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, ताकद उष्णतेत घालवणारा रेझिस्टर) लावा: एसडब्ल्यूआर सुरेख १.० येतो आणि पुढच्या गाडीपर्यंतही आवाज जात नाही. 'मीटर ओके' म्हणून गाडी परत देणाऱ्यांचा सगळा घोळ इथे आहे.

केबल

खराब केबलचं वाईट असं की ती एसडब्ल्यूआर चांगला दाखवते. केबल एका दिशेला निम्मी ताकद खातेय असं धरा. अँटेनाजवळ खरा एसडब्ल्यूआर २ असला, तरी परत येणारी ताकद येतानाही निम्मी खाल्ली जाते आणि सेटजवळच्या मीटरवर १.४ दिसतो. माणूस खूश!

चांगल्या स्थितीतली आरजी-५८ केबल १८ फूट असली तरी २७ मेगाहर्ट्झवर अर्ध्या डेसिबलहून कमी खाते. म्हणजे जाड, महाग केबलने रेंज वाढेल ही आशा करू नका. आरजी-८एक्स घ्यायची तर टिकाऊपणासाठी घ्या. १८ फुटांचीच केबल हवी हा हट्टही साध्या अँटेनाला लागू नाही. पाणी शिरलेली केबल मात्र बदलायचीच. अँटेनाकडचा पीएल-२५९ कनेक्टर उघडून बघा. आतली तांब्याची जाळी लालसर चकचकीत हवी. ती काळवंडलेली असेल, किंवा कळकलेल्या भांड्यासारखी हिरवी पडली असेल, तर काळेपणा कुठवर गेलाय ते पाहायला सहा इंच साल सोलून बघा. पाणी जाळीतून वर चढत जातं, नुसतं टोक कापून नवीन कनेक्टर लावल्याने भागतंच असं नाही.

दाराच्या फटीतून केबल आत घेतलेली असेल तर तिथे बोटाने चाचपून पाहा. दार रोज आपटून तिथे केबल चपटी होते, आतलं प्लास्टिक सरकतं आणि मधली तार जाळीला टेकते. हा दोष फसवा, कारण दार उघडं ठेवून मोजलं की सगळं बरोबर येतं.

ज्यांच्याकडे नॅनोव्हीएनए (केबल-अँटेना मोजायचं छोटं यंत्र) आहे त्यांनी केबलचं अँटेनाकडचं टोक मोकळं सोडून सेटकडच्या टोकाला मोजावं. धड केबल असेल तर एसडब्ल्यूआर वीसच्या आसपास किंवा वर दिसायला हवा, कारण पुढे काहीच नाही, सगळं परत यायला हवं. तिथे ३ दिसला तर केबल निम्मी ताकद खातेय. ही चाचणी रेडिओचं बटण दाबून करू नका, अँटेनाशिवाय प्रसारण केल्याने सेट जळू शकतो.

ग्राउंड, म्हणजे खरा गुन्हेगार

सीबीच्या लहरीचा चौथा भाग म्हणजे पावणेतीन मीटर, जवळपास ९ फूट. गाडीवर एवढी काठी कोण लावणार, म्हणून तीन-चार फुटांच्या काठीत तार गुंडाळून ती 'विजेच्या हिशेबात' लांब केलेली असते. पण काठी ही अर्धीच अँटेना. दुसरं अर्धं अंग म्हणजे तिच्याखालची गाडीची बॉडी. काठीशी बॉडीची गाठ नीट पडलेली नसेल, तर ती लंगडी अँटेना आहे, तिच्यावर नाव कुठल्याही कंपनीचं असो.

एका मित्राच्या जीप रँग्लरची गोष्ट सांगतो. अँटेना मागच्या स्टेपनीच्या कॅरियरवर, एका दुकानाने बसवलेली. एसडब्ल्यूआर चॅनेल १ वर अडीचच्या वर, ४० वरही अडीचच्या वर. टोकाचा स्क्रू आत-बाहेर कितीही फिरवा, आकडे जागचे हलत नव्हते. लांबी बदलून आकडा बदलत नसेल तर अँटेना बाजूला ठेवा आणि ग्राउंड बघा, हे त्याचं ठरलेलं लक्षण. मल्टीमीटरचं एक टोक माउंटला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावलं. मागचं दार बंद असताना ४ ओहम, दार हळूहळू उघडत गेलं की आकडा ९, १५, परत ६ असा नाचायचा. कॅरियर दारावर, दार बिजागऱ्यांवर, बिजागऱ्यांत रंग आणि ग्रीस. वीज जाणार कुठून? माउंटच्या बोल्टखालीही कॅरियरचा काळा पावडर कोट जसाच्या तसा होता, दुकानाने खरवडलाच नव्हता.

उपाय तासाभराचा. बोल्ट काढून माउंटखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पांढरा धातू उघडा केला, दातेरी वॉशर घातला. मग कॅरियरपासून दाराच्या पत्र्याला आणि दारापासून बॉडीला तांब्याच्या विणलेल्या चपट्या पट्ट्या जोडल्या, शक्य तितक्या आखूड. गोल वायर का नाही? मल्टीमीटरला गोल वायरही शून्य ओहम दाखवते, पण २७ मेगाहर्ट्झवर लांब बारीक वायर स्वतःच अडथळा होते. चपटी, रुंद, आखूड पट्टी बरी. खरवडलेल्या जागी नंतर ग्रीस आणि कडेने रंग, नाहीतर बर्फावर टाकलेलं मीठ हिवाळाभरात तिथे गंज चढवतं. त्यानंतर टोकाचा स्क्रू फिरवला की आकडे शहाण्यासारखे हलायला लागले आणि तिन्ही चॅनेलं दीडच्या आसपास बसली. रेडिओ तोच, अँटेना तीच.

माउंट ते बॅटरी निगेटिव्ह अर्ध्या ओहमच्या आत असावं, दार-डिकी उघडझाप करताना आकडा हलू नये. मल्टीमीटर हातात आहेच तर अजून तीन तपासण्या करून टाका. त्यासाठी अँटेना माउंटवरून उतरवा आणि केबल सेटपासून सोडवा. केबलची मधली पिन ते माउंटचा खिळा (ज्यावर अँटेना फिरवून बसवतात तो): बीप यायला हवा. कनेक्टरचं बाहेरचं अंग ते माउंटची पट्टी: बीप यायला हवा. मधली पिन ते बाहेरचं अंग: बीप येता कामा नये. अँटेना उतरवून, कारण काही अँटेनांच्या आतल्या गुंडाळीची रचनाच अशी असते की अँटेना लावून मोजलं तर शॉर्ट दिसतो, आणि माणूस उगाच घाबरतो.

शेवटच्या तपासणीत बीप आला तर खिळ्याचा पांढरा नायलॉन वॉशर बघा. या बारीक वॉशरने जेवढा वैताग दिलाय तेवढा अख्ख्या सेटने दिला नसेल. नेहमीच्या ३/८ इंची खिळ्याच्या माउंटमध्ये तो पट्टीच्या वरच्या बाजूला, भोकात त्याची कड बसेल असा घालायचा, म्हणजे वरचा खिळा पट्टीला टेकत नाही. खालून केबलच्या सॉकेटचं अंग मात्र पट्टीला थेट धातूने टेकलं पाहिजे. वॉशर गाळला की शॉर्ट. वॉशर खालच्या बाजूला घातला की केबलची जाळी पट्टीपासून सुटी पडते, ग्राउंड गायब. एकाच वॉशरच्या दोन चुका, दोन वेगळी दुखणी.

अँटेना कुठे आहे

सगळ्यात चांगली जागा छताचा मध्य. तिथे दहा डॉलरच्या फालतू वाटणाऱ्या चुंबकी अँटेनानेही बंपरवरच्या महागड्या काठीला मागे टाकलेलं मी पाहिलं आहे. पण चुंबक चिकटायला लोखंडी पत्रा हवा. फोर्डच्या एफ-१५० ची बॉडी २०१५ पासून ॲल्युमिनियमची आहे, तिथे तो ठरतच नाही. रँग्लरच्या हार्डटॉपला खाली पत्राच नाही, तो फायबरचा. तिथे बॉनेटच्या कडेचं किंवा मागच्या दिव्याजवळचं माउंट हाच मार्ग, ग्राउंडची वर सांगितलेली काळजी घेऊन.

काठीचा गुंडाळीचा भाग छताच्या वर आला पाहिजे. स्टेपनीमागे खालच्या अंगाला लावून अर्धी काठी गाडीच्या पाठीआड लपली असेल, तर पुढे चाललेल्या गाडीशी बोलणं कठीणच. आणि लहर जास्त जोरात जाते ती अँटेनाकडून गाडीच्या जास्तीत जास्त पत्र्याच्या दिशेने. मागच्या डाव्या कोपऱ्यात अँटेना असेल तर पुढे-उजवीकडे चांगलं ऐकू जातं, मागे-डावीकडे कमी. ताफ्यातल्या शेवटच्या गाडीला हे सोयीचंच पडतं. पहिल्या गाडीला नाही.

ट्रकवाल्यांसाठी वेगळी सूचना. दोन्ही आरशांवर जोडीने अँटेना असतील तर त्यांची वाय आकाराची केबल ७५ ओहमची असते, साध्या ५० ओहमच्या केबलपेक्षा वेगळी. एक अँटेना तुटली म्हणून त्याच केबलवर दुसऱ्या एकटीने काम चालवू नका, हिशेब बिघडतो. एकच ठेवायची तर केबलही बदला. आणि जोडीचा पूर्ण फायदा दोघींमध्ये नऊएक फुटांचं अंतर असलं तर. ट्रकला ते जवळपास मिळतं, पिकअपला मिळत नाही. पिकअपवर दोन काठ्या म्हणजे नुसता रुबाब. नव्या ट्रकांच्या केबिन आणि आरशांचे हात पुष्कळदा प्लास्टिक-फायबरचे असतात, तिथे माउंटपासून चेसिसपर्यंत स्वतंत्र पट्टी न्यावी लागते.

बॅटरीची वायर

याला लोक उगाच फार महत्त्व देतात. सिगारेट लायटरमधून सेट चालवला आणि बोलताना व्होल्टेज १३.८ वरून ११ वर आलं, तरी ताकद सुमारे दोन-तृतीयांश राहते, रेंजमध्ये त्याचा फरक किरकोळ. पण आवाज फाटका होतो आणि लायटरच्या लाइनवरची सगळी घरघर सेटमध्ये येते, म्हणून फ्यूज घालून पॉझिटिव्ह थेट बॅटरीवरून घ्या. निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत निगेटिव्ह चेसिसला द्या, टर्मिनलला नको.

दोष तुमच्या गाडीत नसेल तर

सगळं तपासून झालं, आकडे चांगले, सपाटीवर मित्राशी चाचणी पास, आणि तरी ताफ्यात एका गाडीला ऐकू जात नाही. मग त्या गाडीतले एलईडी लाइट बार, डॅशकॅम आणि फोनचे चार्जर एकेक करून बंद करायला सांगा. या वस्तूंची खरखर २७ मेगाहर्ट्झवर भरपूर पडते, आणि तिच्याखाली तुमचा आवाज गाडला जातो. प्रत्येक बंद करताना त्याच्या मीटरचा काटा किती उतरतो ते बघा, चोर लगेच सापडतो.

आणि दिवसा टेक्सासचा, कॅरिबियन बेटांवरचा माणूस स्पष्ट ऐकू येतो पण पाठीमागची गाडी नाही, असं झालं तर तो आयनांबराचा खेळ. सूर्यावरच्या डागांचं चालू आवर्तन २०२४ मध्ये शिखरावर गेलं. अशा काळात २७ मेगाहर्ट्झवरच्या लहरी वर आपटून हजारो किलोमीटर लांब पडतात आणि जवळचं सगळं झाकून टाकतात. चॅनेल ६ वर तर दणदणीत ताकदीवाल्यांचा बाजारच भरलेला असतो. चॅनेल बदला, १९ च्या आसपासची गर्दी सोडा, संध्याकाळ झाली की बहुधा शांत होतं. यावर तुमच्या गाडीत करण्यासारखं काही नाही.

अँप्लिफायर

अमेरिकेत सीबीवर बाहेरचा अँप्लिफायर चालत नाही, नियमाने स्पष्ट बंदी आहे. ते सोडलं तरी हिशेब बघा. समोरच्याच्या मीटरचा काटा एक घर वर सरकायला चौपट ताकद लागते. ४ वॉटचे १६ केले तर एक घर, आणि १०० केले तरी दोन-सव्वादोन घरं. कुजलेल्या केबलवर, लंगड्या ग्राउंडवर शंभर वॉट ओतलेत तर केबल तापेल, आसपासच्यांना त्रास होईल, आणि लांबच्या माणसाचं उत्तर तुम्हाला ऐकू येणार नाही ते नाहीच. दोघांकडे एसएसबी असेल तर तो वापरा. कायदेशीर आहे आणि लांब जातो.

जाता जाता, सेट भारतात न्यायचा विचार करणाऱ्यांसाठी. तिथे २००५ च्या नियमाने परवान्याशिवाय मुभा आहे ती २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्याला, ५ वॉटपर्यंत. अमेरिकन सेटची २८ ते ४० ही चॅनेलं त्या पट्ट्याच्या बाहेर पडतात. आणि वायरलेस सेट देशात आणण्याचे नियम वेगळे आहेत, ते बॅग भरायच्या आधी बघा.

इतकं करूनही घाटात, कपारींत रोज भांडण होत असेल, तर प्रश्न तुमच्या गाडीचा नाही, माध्यमाचा आहे. बरेच जीपवाले जीएमआरएसकडे, म्हणजे वॉकीटॉकीसारख्या दुसऱ्या एका रेडिओ सेवेकडे, वळले आहेत. एफएम असल्याने आवाज स्वच्छ, अँटेना हातभर, ५० वॉटपर्यंत कायदेशीर ताकद आणि डोंगरावरच्या रिपीटरची (आवाज पकडून पुढे फेकणाऱ्या यंत्राची) सोय. एफसीसीचा परवाना ३५ डॉलरचा, परीक्षा नाही, दहा वर्षं सगळ्या कुटुंबाला चालतो. पण हायवेवरचे ट्रकवाले अजून १९ वरच बोलतात, पुढे अपघात झालाय की बर्फ साचलाय ते तिथेच कळतं. म्हणून जीएमआरएस घेतला तरी मी सीबी काढून टाकलेला नाही. नवीन घेण्याआधी ज्यांच्याबरोबर जाता त्या ग्रुपला विचारा, त्यांच्या गाड्यांत काय आहे ते.